'आय', 'इअर', 'नोज', 'हँड': कौशल्य सांगणारे इंग्रजी वाक्प्रचार ओळखताना

इंग्रजीत कुणाचे कसब सांगायचे झाले की फार वेळा एखाद्या इंद्रियाचे किंवा अवयवाचे नाव घेतले जाते. पारख डोळ्याच्या नावावर जमा होते, सुरांची आणि भाषेची जाण कानाच्या, दडलेले हुडकून काढण्याची हातोटी नाकाच्या, चवीचे ज्ञान टाळूच्या आणि प्रत्यक्ष कामातला सराव हाताच्या. मराठीतही पारखी नजर, तयार कान, हाताला चव असे प्रयोग रोजच्या बोलण्यात आहेत. त्यामुळे हे इंग्रजी वाक्प्रचार ओळखीचे वाटतात, आणि नेमका तिथेच गोंधळ होतो. एका जुन्या घड्याळाविषयीची ही तीन वाक्ये पाहा:

- 'शी हॅज ॲन आय फॉर ओल्ड वॉचेस': तिला जुन्या घड्याळांची पारख आहे.
- 'शी हॅज हर आय ऑन दॅट ओल्ड वॉच': ते जुने घड्याळ तिच्या मनात भरले आहे, तिला ते हवे आहे.
- 'शी इज कीपिंग ॲन आय ऑन दॅट ओल्ड वॉच': ती त्या घड्याळावर लक्ष ठेवून आहे, म्हणजे राखण करते आहे.

डोळा तिन्ही वाक्यांत आहे. बदलले ते फक्त 'ॲन'चे 'हर' झाले, 'फॉर'चे 'ऑन' झाले आणि 'हॅव'च्या जागी 'कीप' आले. तेवढ्यावर एक बाई पारखी ठरली, दुसरी ग्राहक आणि तिसरी राखणदार. अवयव ओळखला म्हणजे अर्थ हाती आला असे होत नाही. अर्थ ठरतो तो अवयवाच्या आजूबाजूच्या लहान शब्दांवर. हे एकदा मनात बसले की पाठांतराचे निम्मे ओझे उतरते.

'फॉर' आणि 'ॲट': पहिली खूण

कौशल्याच्या वाक्प्रचारांत एक जोडी पुन्हा पुन्हा दिसते. ओळखण्याचे, पारखण्याचे, जाणण्याचे कसब असेल तर बहुधा 'फॉर' येते: 'ॲन आय फॉर कलर', 'ॲन इअर फॉर म्युझिक', 'अ नोज फॉर न्यूज', 'अ फील फॉर लँग्वेज', 'अ हेड फॉर फिगर्स'. हाताने किंवा सरावाने काम करून दाखवण्याचे कसब असेल तर बहुधा 'ॲट' येते: 'ॲन ओल्ड हँड ॲट निगोशिएटिंग', 'अ डॅब हँड ॲट बेकिंग', 'ट्राय युअर हँड ॲट पॉटरी'. 'गुड ॲट मॅथ्स'मधला 'ॲट' तो हाच.

या नियमाला एक ठळक अपवाद आहे. 'अ टेस्ट फॉर' म्हणजे चवीची पारख नव्हे, तर आवड. 'ही हॅज अ टेस्ट फॉर स्पायसी फूड' याचा अर्थ त्याला तिखट आवडते, इतकाच. पारख सांगायची तर 'ही हॅज गुड टेस्ट' म्हणतात, आणि तेही जेवणापेक्षा कपडे, घराची सजावट, संगीत, पुस्तके यांच्या निवडीबद्दल अधिक. 'अ टेस्ट ऑफ' झाले की अर्थ आणखी सरकतो: थोडासा अनुभव, झलक. 'ॲन अक्वायर्ड टेस्ट' म्हणजे पहिल्या खेपेला न रुचणारी, सवयीने आवडू लागणारी गोष्ट. कोणी पाहुणा घरच्या पदार्थाला असे म्हणाला तर ती स्तुती समजू नये. तो नाराजी सभ्यपणे व्यक्त करत असण्याचा संभव अधिक.

डोळा: पारख, इच्छा आणि राखण

वरच्या तीन वाक्यांतील दुसऱ्या वाक्याचे मराठी करताना सांभाळावे लागते. मराठीत 'त्याचा त्या जमिनीवर डोळा आहे' म्हटले की हाव, कधी कपटही सूचित होते. इंग्रजीत 'आय हॅव माय आय ऑन अ फ्लॅट इन ठाणे' हे अगदी निर्मळ वाक्य आहे. घर बघितले, आवडले, घ्यायचा विचार आहे. मात्र 'आय हॅव माय आय ऑन यू' असे शिक्षकाने वर्गात किंवा वरिष्ठाने कचेरीत म्हटले, तर ती ताकीद असते: तुमच्यावर माझे लक्ष आहे.

'आय'चे अनेकवचन झाले की विषय बहुधा कौशल्याचा राहत नाही. 'ही ओन्ली हॅज आइज फॉर हर' म्हणजे त्याला तिच्याशिवाय दुसरे कोणी दिसत नाही. येथे 'फॉर' असूनही अर्थ प्रेमाचा आहे, पारखीचा नाही, कारण 'ॲन आय' जाऊन 'आइज' आले. 'विथ ॲन आय टू' म्हणजे एखादा हेतू मनात धरून: 'शी टुक द कोर्स विथ ॲन आय टू प्रमोशन', बढती डोळ्यांसमोर ठेवून तिने तो अभ्यासक्रम केला.

तज्ज्ञ आणि सामान्य माणूस यांतला फरक सांगताना 'टू द ट्रेन्ड आय' आणि 'टू द अनट्रेन्ड आय' हे प्रयोग येतात. पैठणीच्या दोन पदरांत सामान्य डोळ्याला फरक दिसणार नाही; जाणकार पदर उलटून पाहील आणि हातमागाची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच स्वच्छ आहे की यंत्रमागाचे सुटे धागे लोंबत आहेत, ते क्षणात सांगेल. ही 'ट्रेन्ड आय'. तिची 'नेकेड आय'शी गल्लत होते. 'नेकेड आय' म्हणजे केवळ दुर्बीण किंवा सूक्ष्मदर्शक न वापरता, नुसत्या डोळ्यांनी. त्यात कौशल्याचा संबंध नाही. शुक्र 'नेकेड आय'ने सर्वांनाच दिसतो.

'टर्न अ ब्लाइंड आय' हा वाक्प्रचार मराठी 'कानाडोळा करणे' किंवा 'डोळेझाक करणे' याच्याशी जुळतो. त्याची सांगड ब्रिटिश आरमाराचा सेनानी होरेशिओ नेल्सन याच्याशी घातली जाते. 1794 मध्ये कॉर्सिका बेटावरील काल्व्हीच्या वेढ्यात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती. 1801 च्या कोपनहेगनच्या लढाईत माघारीचा इशारा झाला तेव्हा त्याने दुर्बीण त्याच डोळ्याला लावली आणि इशारा दिसत नाही असे सांगितले, असा किस्सा आहे. किस्सा लक्षात ठेवण्याचे कारण अर्थाशी जोडलेले आहे: या वाक्प्रचारात जाणूनबुजून न पाहणे अभिप्रेत असते. एखाद्याला चूक खरोखरच दिसली नसेल, तर त्याने 'टर्न्ड अ ब्लाइंड आय' असे म्हणणे म्हणजे त्याच्यावर आरोप करणे होय.

कान: सूर, भाषा आणि वजन

'शी हॅज ॲन इअर फॉर लँग्वेजेस' म्हणजे तिला भाषांचे उच्चार, लय आणि लकबी चटकन उचलता येतात. 'शी हॅज द मिनिस्टर्स इअर' म्हणजे मंत्री तिचे ऐकतात, तिच्या शब्दाला तिथे वजन आहे. पहिल्यात कान तिचा, दुसऱ्यात मंत्र्यांचा. कान कुणाचा, हे आधी पाहावे. 'आय ॲम ऑल इअर्स' म्हणजे मी लक्ष देऊन ऐकतो आहे. 'कीप युअर इअर टू द ग्राउंड' म्हणजे काय चालले आहे याचा कानोसा घेत राहा.

'प्ले बाय इअर' आणि 'प्ले इट बाय इअर' यांत केवळ 'इट'चा फरक आहे, पण अर्थ दोन टोकांचे आहेत. पहिला संगीतातला: लिखित स्वरलिपी न पाहता, ऐकलेले जसेच्या तसे वाजवणे. पाश्चात्त्य अभिजात संगीतात स्वरलिपी वाचता येणे हा शिक्षणाचा पाया असल्याने ही वेगळी नोंद घेण्याजोगी गोष्ट ठरते. हिंदुस्थानी संगीताची तालीम मुळात गुरूसमोर बसून, ऐकून आणि तसे गाऊन होते. म्हणूनच मराठी वाचकाला 'ऐकून वाजवतो' यात विशेष काय, हे पटकन जाणवत नाही. दुसरा प्रयोग कामकाजातला: आधी पक्का बेत न आखता प्रसंग पाहून ठरवणे. बैठकीत 'लेट्स प्ले इट बाय इअर' ऐकले तर संगीताचा विचार मनात आणू नये. निर्णय पुढे ढकलला गेला आहे, आणि तारीख विचारून घेणे बरे.

'अ टिन इअर' म्हणजे सुरांची किंवा शब्दांच्या छटांची जाण नसणे. आजकाल पुढाऱ्यांच्या वक्तव्यांबद्दलही हा शब्द वापरतात: लोकांच्या मनःस्थितीची जाण नसणे. 'टोन-डेफ' याचाही असाच विस्तार झाला आहे. 'वेट बिहाइंड द इअर्स' म्हणजे नवखा, अननुभवी. त्यात थोडी हेटाळणी असते, म्हणून नव्या सहकाऱ्याच्या तोंडावर तो वापरू नये.

नाक आणि टाळू

नाकाच्या बाबतीत मराठी आणि इंग्रजीची वाट बरीच वेगळी आहे. मराठीत नाक म्हणजे अब्रू: नाक कापले जाणे, नाक राखणे. इंग्रजीत नाक म्हणजे मागावर असलेल्या शिकारी कुत्र्याचे नाक. 'अ नोज फॉर न्यूज' म्हणजे बातमी कुठे दडली आहे ते बातमीदाराला जाणवणे, 'अ नोज फॉर ट्रबल' म्हणजे भानगडीचा आधीच सुगावा लागणे. दोन्ही भाषा एकत्र येतात त्या नाक खुपसणे आणि नाक मुरडणे या जागी. 'स्टिक युअर नोज इन' आणि 'टर्न अप युअर नोज ॲट' यांचा अर्थ मराठी कानाला आपोआप लागतो. 'पे थ्रू द नोज' मात्र लागत नाही: तो अवाच्या सवा किंमत मोजण्याबद्दल आहे, वासाशी किंवा कौशल्याशी त्याचे काही नाते नाही.

काही व्यवसायांत 'नोज' हे थेट माणसाचेच नाव आहे. दक्षिण फ्रान्समधील ग्रास हे गाव अत्तरांच्या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. या उद्योगात सुगंधाची रचना करणाऱ्या तज्ज्ञाला फ्रेंचमध्ये 'ने' म्हणजे नाक म्हणतात आणि इंग्रजीतही 'अ नोज'. वाइनच्या जगात तोच शब्द वाइनलाच लागतो. 'धिस वाइन हॅज अ गुड नोज' म्हणजे हिचा गंध चांगला आहे. 'शी हॅज अ गुड नोज' म्हणजे तिला गंध ओळखता येतात. नाशिक परिसरातल्या वाइनरींमध्ये चव घेण्याच्या दालनात हे शब्द सर्रास ऐकू येतात. तिथे क्रम असा सांगितला जातो: आधी रंग, मग 'नोज' म्हणजे गंध, मग 'पॅलेट' म्हणजे तोंडात जाणवणारी चव, आणि शेवटी 'फिनिश' म्हणजे घोट गिळल्यावर रेंगाळणारी चव. 'फिनिश' म्हणजे ग्लास संपवणे नव्हे.

'ब्लाइंड टेस्टिंग' या शब्दानेही दचकू नये. डोळ्यांवर पट्टी बांधत नाहीत. बाटलीवरची चिठ्ठी झाकतात, म्हणजे नावावरून आणि किमतीवरून मत बनत नाही. लंडनच्या 'मास्टर ऑफ वाइन' परीक्षेत उमेदवारांना अशा 36 वाइन, 12-12 च्या तीन प्रश्नपत्रिकांत, ओळखून त्यांच्याबद्दल लिहावे लागते. हाच 'ब्लाइंड' शब्द औषधांच्या चाचण्यांत 'डबल-ब्लाइंड' म्हणून येतो: कोणाला खरे औषध दिले ते रुग्णालाही ठाऊक नसते आणि देणाऱ्यालाही.

चवीचा जाणकार सांगताना मराठी जीभ म्हणते, इंग्रजी टाळू. 'अ रिफाइन्ड पॅलेट', 'ॲन एज्युकेटेड पॅलेट' अशी इंग्रजीची रीत आहे. 'टंग' इंग्रजीत बोलण्याकडे गेली: 'मदर टंग', 'अ शार्प टंग', 'होल्ड युअर टंग'. म्हणून 'शी हॅज अ गुड टंग' म्हटले तर चवीचे कौतुक पोहोचत नाही. लिहिताना आणखी एक अडचण येते. उच्चाराने सारखे वाटणारे तीन इंग्रजी शब्द आहेत, स्पेलिंग तिघांचे वेगळे: एक टाळू, दुसरी चित्रकाराची रंग कालवण्याची फळी आणि तिसरी गोदामात माल ठेवायची लाकडी चौकट. संगणकाचा स्पेलिंग तपासनीस ही चूक दाखवेलच असे नाही, कारण तिन्ही शब्द बरोबरच आहेत. पाककृती, उपाहारगृहाचे मेनू किंवा निर्यातीची कागदपत्रे लिहिणाऱ्यांनी तेवढा शब्द शब्दकोशात स्वतः पाहून घ्यावा.

स्पर्श आणि हात: सर्वांत जास्त चुका येथे होतात

'लूज टच' आणि 'लूज युअर टच' यांच्यात एकच शब्द जास्त आहे. 'वी लॉस्ट टच आफ्टर कॉलेज' म्हणजे कॉलेजनंतर आमचा संपर्क राहिला नाही. 'ही हॅज लॉस्ट हिज टच' म्हणजे त्याचे पूर्वीचे कसब आता राहिले नाही. जुन्या वर्गमित्राला पत्र लिहिताना पहिल्याऐवजी दुसरे पडले, तर खुशाली विचारायच्या जागी त्याला नाकर्ता ठरवल्यासारखे होते. तिसरा प्रकार 'आउट ऑफ टच': वस्तुस्थितीची कल्पना नसलेला. निवडणुकीच्या काळात इंग्रजी वर्तमानपत्रांत हा सतत दिसतो.

इतर काही प्रयोग थोडक्यात:

- 'अ लाइट टच': अतिरेक न करता, हलक्या हाताने केलेले काम; लेखन, स्वयंपाक, सरकारी नियमन या सगळ्यांना लागू.
- 'अ सॉफ्ट टच': ज्याच्याकडून पैसे किंवा सवलत सहज उकळता येते असा माणूस. कौशल्याशी संबंध नाही, आणि कौतुक तर नाहीच.
- 'द कॉमन टच': मोठ्या पदावरच्या व्यक्तीला सामान्यांशी सहज मिसळता येणे. येथे 'कॉमन' म्हणजे सुमार नव्हे.
- 'द मिडास टच': हात लावेल तिथे यश. ग्रीक कथेतल्या मिडास राजाला हा वर भोवला, कारण अन्नाचेही सोने होऊ लागले. वाक्प्रचारात मात्र ती बाजू गळाली आणि उरली ती निव्वळ स्तुती.
- 'अ टच ऑफ फीव्हर': किंचित ताप.
- 'टच ॲन्ड गो': काय होईल सांगता येत नाही, जरा इकडे तिकडे झाले तर संपले, अशी नाजूक स्थिती.

इंग्रजीत 'हँड' म्हणजे कामगार असाही जुना अर्थ आहे: शेतावरचा 'फार्म हँड', जहाजावरचे 'ऑल हँड्स'. म्हणून 'ॲन ओल्ड हँड' म्हणजे म्हातारा हात नव्हे, त्या कामात मुरलेला, सराईत माणूस. वय तीस असले तरी तो 'ओल्ड हँड' असू शकतो. 'अ डॅब हँड' हा ब्रिटिश प्रयोग आहे, अर्थ तरबेज. अमेरिकेत तो फारसा कानावर पडत नाही. झाडे ज्याच्या हाताला लागतात त्याला ब्रिटनमध्ये 'ग्रीन फिंगर्स' आणि अमेरिकेत 'अ ग्रीन थम' आहे असे म्हणतात. मराठीत त्याला हातगुण म्हणतात, पण हातगुण वैद्याचाही असतो; 'ग्रीन फिंगर्स' केवळ बागेपुरते. वेंधळ्या हातांबद्दल ब्रिटिश म्हणतात 'ऑल फिंगर्स ॲन्ड थम्स', अमेरिकन म्हणतात 'ऑल थम्स'.

'ट्राय युअर हँड ॲट' म्हणजे प्रथमच करून पाहणे, 'गेट युअर हँड इन' म्हणजे सरावाने हात बसवणे, 'कीप युअर हँड इन' म्हणजे बसलेला हात मोडू नये म्हणून अधूनमधून सराव ठेवणे. या मालिकेत 'हॅव अ हँड इन' घुसवू नये. त्याचा अर्थ एखाद्या गोष्टीत सहभाग असणे, आणि बातम्यांत तो बहुधा कटकारस्थानाच्या संदर्भात येतो. 'ही हॅड अ हँड इन द फ्रॉड' याचा अर्थ सांगायला नको.

क्रिकेटने ओळखीचे केलेले प्रयोग

मराठी वाचकांना काही वाक्प्रचार समालोचनामुळे आधीच ऐकून माहीत असतात. तिथून सुरुवात केली तर बाकीचे लवकर बसतात. फलंदाज सुरुवातीची षटके खेळून काढतो तेव्हा इंग्रजी समालोचक म्हणतात 'ही इज गेटिंग हिज आय इन', आणि मराठीत आपण म्हणतो त्याची नजर बसते आहे. ब्रिटिश इंग्रजीत हाच प्रयोग कोणत्याही कामाला लागतो: नव्या नोकरीत पहिले काही दिवस 'गेटिंग माय आय इन' असे म्हणता येते. अमेरिकन सहकाऱ्याला मात्र तो कळेलच असे नाही.

'सॉफ्ट हँड्स' हा प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. चेंडू बॅटला लागण्याच्या क्षणी पकड, विशेषतः खालच्या हाताची, सैल ठेवली की चेंडूचा वेग मरतो आणि कड लागली तरी तो स्लिपच्या अलीकडे पडतो. येथे 'सॉफ्ट' म्हणजे दुबळे नव्हे, उलट कमालीचे तंत्रशुद्ध. पण 'सॉफ्ट टच'मधला 'सॉफ्ट' दुबळेपणाकडेच झुकतो. एका विशेषणाचा अर्थ एका वाक्प्रचारातून उचलून दुसऱ्याला लावता येत नाही.

'अ सेफ पेअर ऑफ हँड्स' म्हणजे हमखास झेल घेणारे हात. राजकारणात आणि कंपन्यांत हा प्रयोग विश्वासू, गडबड न करणाऱ्या व्यक्तीसाठी वापरतात. कौतुक खरे असते, पण बहुधा बेताचे. नवे काही घडवील अशी अपेक्षा त्यात नसते.

नवा वाक्प्रचार समोर आला तर

1. अवयवाचा शब्द बाजूला ठेवून आधी चार गोष्टी टिपाव्यात: त्याच्या आधी 'अ/ॲन' आहे, 'द' आहे की 'माय/हिज/हर', एकवचन आहे की अनेकवचन, पुढे 'फॉर', 'ॲट', 'ऑन', 'इन' यांपैकी काय आहे, आणि क्रियापद कोणते.
2. वाक्य कौतुकाचे आहे की टीकेचे, ते आजूबाजूच्या दोन वाक्यांवरून ठरवावे.
3. मग शिकणाऱ्यांसाठी असलेला शब्दकोश उघडावा. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांचे असे कोश इंटरनेटवर मोफत पाहता येतात. ऑक्सफर्डच्या 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स' कोशात वाक्प्रचार नोंदीच्या शेवटी स्वतंत्र विभागात येतात. हा कोश ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमधील विद्यार्थ्यांना शिकवत असताना सहकाऱ्यांसह सिद्ध केला. 1942 मध्ये तो निघाला तेव्हा त्याच्या नावातच वाक्प्रचार आणि वाक्यरचना या दोन गोष्टी होत्या. पुढे 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो छापला. तेव्हापासून त्याची रीत अशी, की शब्दाचा अर्थ सांगून तो थांबत नाही, तो वाक्यात कसा बसतो तेही दाखवतो.
4. अर्थापुढची खूण वाचल्याशिवाय पान मिटू नये: 'ब्रिटिश', 'इन्फॉर्मल', 'ओल्ड-फॅशन्ड', 'डिसअप्रूव्हिंग'. वाक्प्रचार कुठे वापरावा आणि कुठे टाळावा, ते या एका शब्दात असते.

वहीत टिपताना नुसता वाक्प्रचार आणि अर्थ लिहिण्यापेक्षा जिथे तो भेटला ते पूर्ण वाक्य उतरवावे. 'ॲन आय फॉर = पारख' ही नोंद आठवड्यात पुसट होते; 'शी हॅज ॲन आय फॉर ओल्ड वॉचेस' टिकते, कारण लहान शब्द तिच्यात जागच्या जागी असतात.

उलटा अर्थ देणारे काही शब्द

'पास्ट मास्टर' म्हणजे माजी उस्ताद असे वाटते; प्रत्यक्षात तो पक्का, मुरलेला उस्ताद असतो. 'अ स्टीप लर्निंग कर्व्ह' बोलण्यात अवघड, थोड्या वेळात खूप शिकावे लागणारे काम सांगतो; मात्र आलेखाच्या मूळ अर्थाने चढती रेघ म्हणजे झपाट्याने झालेले शिक्षण, त्यामुळे तांत्रिक लेखात तो उलट अर्थाने भेटू शकतो. 'जॅक ऑफ ऑल ट्रेड्स' नोकरीच्या अर्जात स्वतःबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. वाचणाऱ्याच्या मनात त्याचा उत्तरार्ध, 'मास्टर ऑफ नन', आपोआप उमटतो. त्यापेक्षा कोणती चार कामे येतात ती सरळ लिहावीत.

मराठी वाक्प्रचार शब्दशः नेऊ नयेत

'स्वयंपाकात तिचा हात कोणी धरू शकत नाही' याचे 'नोबडी कॅन होल्ड हर हँड' केले, तर इंग्रजी वाचकाला धीर द्यायला कोणी नाही असे वाटेल. तिथे 'नोबडी कॅन मॅच हर' पुरेसे आहे. 'हात दाखवणे' मराठीत ज्योतिषाकडे होते किंवा हिसका दाखवणे होते. इंग्रजी 'शो युअर हँड' पत्त्यांच्या खेळातून आले आहे आणि त्याचा अर्थ आपला डाव उघड करणे. 'हाताला चव आहे' याला नेमका जोड नाही. 'शी इज अ वंडरफुल कुक' असे साधे वाक्य सर्वांत चांगले. जिथे जुळते तिथे बेलाशक वापरावे: हात बांधलेले असणे आणि 'माय हँड्स आर टाइड' यांत फरक नाही.

अर्ज, मुलाखत आणि परीक्षा

समजायला पुष्कळ वाक्प्रचार हवेत, वापरायला थोडे पुरतात. नोकरीच्या जाहिरातींत 'ॲन आय फॉर डिटेल' आणि 'हँड्स-ऑन एक्स्पीरियन्स' हे दोन हमखास असतात. पहिल्याचा अर्थ बारकावे सुटू न देणे, दुसऱ्याचा स्वतःच्या हाताने केलेले काम. 'हँड्स-ऑन' मागितला असेल आणि अनुभव देखरेखीचा असेल, तर तसे स्पष्ट सांगणे हिताचे, कारण पुढचा प्रश्न तपशिलाचाच येतो. अर्जात 'आय हॅव ॲन आय फॉर डिटेल' लिहायचे असेल तर त्याच ओळीत पुरावा द्यावा: कोणत्या हिशेबातली कोणती चूक पकडली, कोणत्या तपासणीत काय सापडले. पुरावा भक्कम असेल तर वाक्प्रचार गाळला तरी चालते.

स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीस्तरीय परीक्षेत वाक्प्रचारांवर थेट प्रश्न असतात. त्यांच्या पर्यायांत शब्दशः अर्थ मुद्दाम ठेवलेला असू शकतो. 'ओल्ड हँड'समोर 'वृद्ध माणूस' दिसला की घाईने खूण करू नये. आयईएलटीएसच्या तोंडी परीक्षेत वाक्प्रचारांचा वापर गुणांच्या निकषांत येतो, पण तो सहज आणि योग्य जागी असावा अशी अपेक्षा असते. पाठ करून पेरलेले वाक्प्रचार परीक्षकाला लगेच जाणवतात. त्या परीक्षेच्या निबंधात 'ऑल थम्स'सारखे बोलीतले प्रयोग टाळावेत.

इंद्रियांच्या वैगुण्यावर बेतलेले 'डेफ', 'ब्लाइंड' हे शब्द टीकेसाठी वापरताना विचार करावा. अनेक संस्थांच्या लेखननियमांत त्यांऐवजी साधे शब्द सुचवलेले असतात. 'फेल ऑन डेफ इअर्स' ऐवजी 'वॉज इग्नोर्ड' लिहिले तर अर्थ जराही उणा होत नाही.

न समजल्यास विचारण्याचा अधिकार

वाक्प्रचार न कळणे हा इंग्रजीतल्या कमकुवतपणाचा पुरावा नाही. ब्रिटिश आणि अमेरिकन माणसेही एकमेकांना अर्थ विचारतात. बैठकीत 'कुड यू से दॅट इन अ डिफरंट वे?' असे विचारणे सभ्य आणि रूढ आहे. तोंडी परीक्षेत प्रश्न पुन्हा सांगण्याची विनंती करता येते.

कामाच्या मूल्यमापनात 'यू आर लूजिंग युअर टच' किंवा 'यू आर आउट ऑफ टच' असा शेरा मिळाला, तर तो तसाच स्वीकारून सही करू नये. कोणते काम, कोणत्या तारखेचे आणि काय अपेक्षित होते, हे लेखी मागावे. वाक्प्रचारात मोजता येण्याजोगे काही नसते, त्यामुळे त्याला उत्तरही देता येत नाही. करारात किंवा नेमणूकपत्रात असा प्रयोग आढळला तर सहीपूर्वी त्या जागी साधे वाक्य घालून घ्यावे.

परदेशांतील मराठी कुटुंबांना आणखी एक आधार आहे. अमेरिकेत 2010 च्या 'प्लेन रायटिंग ॲक्ट'नुसार संघराज्य सरकारच्या संस्थांनी लोकांसाठीची कागदपत्रे सुबोध भाषेत लिहावीत असे बंधन आहे. ब्रिटनमध्ये 1979 पासून 'प्लेन इंग्लिश कॅम्पेन' ही संघटना सरकारी आणि व्यापारी कागदपत्रांच्या सोप्या भाषेसाठी काम करते आहे. एखादे सरकारी पत्र कळले नाही तर त्या कार्यालयाकडे साध्या शब्दांत खुलासा मागण्यात संकोच करू नये. डॉक्टरांशी बोलताना मात्र स्वतःहून वाक्प्रचार टाळावेत: 'अ टच ऑफ फीव्हर' न म्हणता ताप किती अंश होता, कधीपासून आहे आणि कोणते औषध घेतले, ते आकड्यांत आणि नावांनिशी सांगावे.